तालमीतलं दुखणं

"पोट इतकं धरू नकोस," वन्सं म्हणाली. "खोटं वाटतं."

वहिनी खुर्चीवर जरा वाकून बसली होती. दोन्ही हात ओटीपोटावर, ओठ मिटलेले, कपाळावर आठी. शाळेच्या सभागृहामागच्या त्या लांबोडक्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आणि उलट्या लावलेल्या फळ्यांच्या गर्दीत, तिच्याभोवती जेमतेम तालमीपुरती जागा होती.

"मग कुठे धरू?"

"कुठेच नको. ही बाई दुखणं लपवणारी आहे. लपवणारं माणूस असं जाहिरात करत बसत नाही."

वहिनीने हात काढून मांडीवर ठेवले. पुन्हा संवाद म्हटला, "दोन घास खाल्ले की पोट तुडुंब भरतं हो," आणि संवाद संपेपर्यंत हात परत जागच्या जागी गेले. वन्संने डोळे मिटून सुस्कारा सोडला. तिचे सुस्कारे गटात प्रसिद्ध होते, ते सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात.

वन्सं म्हणजे काही साऱ्या गावाची वन्सं नव्हे. नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणायचे दिवस केव्हाच सरले. पण वहिनी लग्न करून घरात आली ती मुळात खोडकर. समोर पँट-शर्टातली, हातात चाव्यांचा जुडगा घेतलेली नणंद बघून तिने थट्टेने ती हाक मारली. हाक अशी चिकटली की पुढे बसच्या आगारापासून नाटकाच्या गटापर्यंत सगळे तिला वन्संच म्हणू लागले. वडिलांच्या वयाचा औषध दुकानदारसुद्धा. आणि वन्संची वहिनी आपोआप सगळ्यांची वहिनी झाली. दोघी एकाच आगारात कामाला. वहिनी बस चालवायची, वन्सं ड्युट्या लावायची. त्यामुळे घरी भांडण राहिलं तर ते आगारात पुरं करता यायचं, आणि आगारात राहिलं तर तालमीत.

गट सुरू केला तो वन्संने, आई गेल्यावर. आईचं पोट फुगायचं तेव्हा घरातल्या झाडून सगळ्यांनी तिला गॅसच्या गोळ्या दिल्या होत्या. अंडाशयाचा कॅन्सर हे शब्द घरात आले तोवर करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. वन्संला रडता येत नव्हतं, म्हणून तिने नाटक बसवलं. दर वर्षी एक नवी एकांकिका, एकच प्रयोग, तिकीट लावून. जमलेल्या पैशाला तीन वाटा होत्या. एक इस्पितळाच्या प्रयोगशाळेला. तिथे एक संशोधक बाई रक्तात असं काही शोधत होत्या, की ज्यावरून हा आजार लवकर पकडता येईल, कारण धडधाकट बायकांना सरसकट करावी अशी खात्रीची तपासणी अजून कुणापाशीच नाही. दुसरी वाट पत्रकांना आणि व्याख्यानांना. तिसरी एका गाडीला. केमोच्या दिवशी बायकांना घरून न्यायचं, परत आणून सोडायचं. त्या गाडीवर सुट्टीच्या दिवशी वहिनी असायची.

यंदा तर प्रयोगशाळेतल्या मदतनीस मुलीची नोकरीच या प्रयोगावर टिकून होती. सरकारी अनुदान आटलं होतं. रक्ताचे नमुने गोळा करणारी, सांभाळणारी ती एकटी. ती गेली तर काम थांबणार. त्यामुळे सभागृह भरायलाच हवं होतं, आणि सभागृह भरायचं ते वहिनीसाठी. वहिनी रंगमंचावर नुसती शिंकली तरी लोक हसायचे आणि तिने मान खाली घातली तर रडायचे. असं माणूस गटाला एकच मिळतं, आणि बाकीचे त्याच्या जिवावर आपण नट आहोत असं समजतात.

आता वन्संचा नियम सांगायला हवा, कारण सगळं रामायण त्या नियमानेच घडवलं. खोलीचं दार ओलांडलं की जो तो आपापलं पात्र. आत कुणी दुकानदार नाही, कुणी ग्रंथपाल नाही, कुणी भावजय नाही. पहिल्या वर्षी तालमीचा वेळ गुडघेदुखीत, सुनेच्या तक्रारीत आणि नळाच्या पाण्यात गेला होता, म्हणून हा नियम. आत बोलायचं ते पात्र म्हणून. चहा मागायचा तोही पात्र म्हणून. जो चुकेल त्याने कप धुवायचे. लोकांना ते इतकं आवडलं की दुकानदार तालमीला येताना रस्त्यातच नवरा व्हायचा.

यंदाच्या नाटकात वहिनी बेकरीवाली होती. दुकानदार तिचा नवरा. ग्रंथपाल बाई डॉक्टर. बेकरीवालीचं पोट फुगतं, भूक मरते, सारखी लघवीला लागते, आणि ती आज जाते, उद्या जाते करत डॉक्टरकडे जायचं टाळते. वहिनी पहिल्या दिवसापासून त्या बाईत अशी काही शिरली होती, की चहाच्या वेळीही बिस्किट अर्धं खाऊन ठेवायची आणि म्हणायची, "नको, पोट गच्च झालं." दुकानदार मान डोलवायचा. "याला म्हणतात मेहनत," तो ग्रंथपाल बाईंना म्हणायचा, अर्थात नवरा म्हणून.

प्रयोग शनिवारी होता. त्याच आठवड्याच्या सोमवारी आगारात वहिनीविरुद्ध तक्रार आली.

प्रवाशांनी भरलेली बस भर रस्त्यात थांबवून चालकबाई पेट्रोल पंपावर पळत गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या, अशी. वन्संने तिला ऑफिसात बोलावलं. भावजय असली तरी ड्युटीवर ती चालक होती आणि वन्सं या बाबतीत कडू कारलं.

"बस सोडून कुठे गेली होतीस?"

"मुतायला."

"शेवटच्या थांब्यावर जाता येत नाही?"

"शेवटच्या थांब्यावरही गेले होते. त्याच्या आधीच्या फेरीलाही गेले होते." वहिनी समोरच्या स्टुलावर टेकली. "थांबतच नाही हो. आतून कुणीतरी दाबून धरल्यासारखं होतं."

तिने महिन्याच्या सुरुवातीला लहान फेरीचा मार्ग मागून घेतला होता. तालमीला वेळेवर पोचायला मागते आहे असं समजून वन्संने तो दिलाही होता, शिवाय मनातल्या मनात तिचं कौतुक केलं होतं. ते आता तिला आठवलं. बाहेर कुणीतरी बस मागे घेत होतं आणि मेकॅनिक ओरडून त्याला वाट दाखवत होता. स्टुलावर वहिनी जरा वाकली. दोन्ही हात ओटीपोटावर गेले. ओठ मिटले, कपाळावर आठी आली.

पोट इतकं धरू नकोस, असं म्हणायला वन्संचं तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं.

ही तालमीची खोली नव्हती. इथे कुणी बेकरीवाली नव्हती. भिंतीवर ड्युटीचा फळा होता, टेबलावर तक्रारीचा कागद होता, आणि समोर तिची भावजय पोट धरून बसली होती.

"वहिनी, हे काय करतेस तू?"

"काय?"

"हात."

वहिनीने खाली पाहिलं आणि चटकन हात काढले. "सवय लागली," ती म्हणाली आणि हसली. पण ते हसणं इतकं वाईट वठलं की दुसरी कुणी असती तर वन्संने तिला पहिल्याच तालमीला घरी पाठवलं असतं.

"केव्हापासून होतंय?"

"तालमी सुरू व्हायच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"रोज सांगत होते की," वहिनी शांतपणे म्हणाली. "तुमच्या खोलीत. तुम्ही म्हणालात, खोटं वाटतं."

वन्संने तक्रारीचा कागद उलटा करून ठेवला. जिभेवर नेहमी चार शब्द तयार ठेवणारी बाई, पण त्या वेळी तिला धड माफीही मागता आली नाही. मग वहिनीच तिची समजूत घालायला लागली, हा तर आणखी उफराटा प्रकार.

"तसलं काही नसणार, वन्सं. मी सून आहे. तुमच्या आईचं रक्त तुमच्यात. माझ्यात कुठून येणार?"

हेच तर त्या घराचं झालं होतं. आई गेल्यापासून सगळं घर वन्संच्या मागे लागलेलं. जनुकांची तपासणी कर, सोनोग्राफी कर, डॉक्टरला दाखवून ये. दर वेळी तिला इस्पितळात नेऊन आणायची ती वहिनी, बाहेरच्या बाकावर पर्स धरून बसायची तीही वहिनी. वन्संचा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, बहिणीच्या चेहऱ्यावर जरा मरगळ दिसली तरी घाबरायचा. भावजयीकडे कुणी त्या नजरेने एकदाही पाहिलं नव्हतं. वहिनीने स्वतःसुद्धा नाही.

"आपल्या पत्रकात काय लिहिलंय?" वन्संने विचारलं. "बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणालाच नसतं, हे कुणी लिहिलंय?"

"ते लोकांसाठी लिहिलंय."

"आजच्या आज डॉक्टरकडे चल."

"शनिवार होऊ दे."

"वहिनी."

"ऐका माझं. आज गेले तर ते तपासण्या लावतील, ॲडमिट व्हा म्हणतील, तुमचा दादा हातपाय गाळून बसेल. प्रयोग गेला. ती प्रयोगशाळेतली पोरगी घरी बसली. एवढं सगळं माझ्या गॅससाठी? शनिवार होऊ दे, सोमवारी तुम्ही म्हणाल तिथे येते. पण दादाला एक अक्षर कळता कामा नये. शपथ घ्या."

इथे वन्संला दोन थोबाडीत द्यायला कुणीतरी हवं होतं. सगळी लक्षणं तिला तोंडपाठ. वर्षानुवर्षं ती परक्या बायकांना सांगत आली होती, बाई गं, दोन-तीन आठवडे सतत होत असेल तर अंगावर काढू नकोस. पण भरलेलं सभागृह तिच्याही डोळ्यांपुढे होतं. आणि खरं सांगायचं तर, आईच्या वेळी घरात आलेले ते दोन शब्द सोमवारपर्यंत तिलाही ऐकायचे नव्हते.

"बरं," ती म्हणाली. "पण सोमवारी नक्की."

त्या 'बरं'ने पुढे तिला झोपू दिलं नाही की जेवू दिलं नाही. मंगळवारी तिने वहिनीला भलतंच कारण सांगून ड्युटीवरून उतरवलं आणि तिच्या जागी दुसरा चालक घातला. बुधवारी दादाकडे जेवायला जाऊन बसली आणि सबंध जेवणभर वहिनीच्या ताटात बघत राहिली. वहिनी अन्न ताटाच्या या कडेचं त्या कडेला नेत होती. दादाने ते पाहिलं आणि हसून बायकोला म्हणाला, "पुरे आता, इथे तिकीट काढून कुणी बसलेलं नाही." वहिनी हसली. वन्संने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

तिच्या डोक्यात एकच चक्र चालू होतं. सांगावं तर शपथ मोडते, वहिनी बिथरते आणि मग कुणाच्याच बापाचं ऐकत नाही. न सांगावं तर शनिवार उजाडतो. शनिवार झाला की टाळ्यांच्या धुंदीत रविवार जाईल, सोमवारी वहिनी म्हणेल, आता बरं वाटतंय, हा आठवडा जाऊ दे. आई अशीच आठवडे पुढे ढकलत गेली होती. गाठ काही कुणाच्या शनिवारासाठी थांबत नाही.

गुरुवारी रंगीत तालीम होती. सभागृहात, कपडेपटासकट. ग्रंथपाल बाई पांढऱ्या कोटात विंगेत उभ्या, वहिनी पिठाचे डाग मुद्दाम पाडलेल्या एप्रनमध्ये, दुकानदाराने मिशी लावलेली. वन्सं खाली पहिल्या रांगेत. मांडीवर संहिता, पण नजर वहिनीच्या हातांवर.

जेवणाचा प्रवेश आला. नवऱ्याने ताट पुढे सरकवलं. बेकरीवालीने संवाद म्हणायचा आणि उठून भट्टीकडे जायचं. वहिनी उठली, पण गेली नाही. टेबलाची कड धरून तशीच उभी राहिली. रंगाखाली तिचा ओठ घामाने चमकत होता.

"काय गं, काय होतंय?" दुकानदाराने विचारलं. हे वाक्य संहितेत नव्हतं. त्याला वाटलं, वहिनी काहीतरी नवीन करते आहे, आपण साथ द्यावी.

"काही नाही," वहिनी म्हणाली. "शनिवार होऊ दे."

"शनिवारी काय आहे?"

"शनिवारी सगळं आहे."

विंगेत ग्रंथपाल बाईंनी डोळे टिपले. वन्सं उठली, बाजूच्या पायऱ्या चढून रंगमंचावर गेली आणि वहिनीसमोर उभी राहिली.

"वहिनी, चल."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी होती, पण तोंडातून आलं ते निराळंच. "कोण वहिनी? मी बेकरीवाली. भट्टी पेटलेली आहे, मला वेळ नाही."

"मी नाटकातलं बोलत नाहीये."

"तुम्ही कोण बाई? कालचा केक परत करायला आलात?"

ग्रंथपाल बाई फसकन हसल्या. दुकानदार वन्संच्या कानाशी लागला. "झकास आहे. हे ठेवू या."

"नियम मोडला," वन्सं म्हणाली. तिचा आवाज चढला. "मी मोडला. कप मी धुते. पण ऐका सगळे, हिला खरंच दुखतंय. कितीतरी दिवस दुखतंय."

दुकानदाराने टाळी वाजवली. वरच्या दिवेवाल्यानेही वाजवली. वन्संने त्यांच्याकडे वळून पाहिलं. भल्या माणसांचे ते तीन चेहरे कौतुकाने फुललेले होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही ती खरं बोलते आहे हे पटवायची तिच्यापाशी काही सोय नव्हती. इतकी वर्षं तिनेच त्यांना शिकवलं होतं, की इथे बोललेलं खरं मानायचं नसतं. नियमाच्या भिंतीपलीकडे वहिनी लपली होती आणि ती भिंत वन्संने स्वतःच्या हाताने बांधली होती.

तिला भीती वाटली. आईच्या वेळी वाटली होती त्याहून जास्त, कारण तेव्हा तिला काही माहीत नव्हतं.

मग तिने हातातली संहिता टेबलावर ठेवली आणि हळू आवाजात, पण एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ही भूमिका मी तुझ्याकडून काढून घेते आहे. या क्षणापासून तू बेकरीवाली नाहीस. तू या नाटकातच नाहीस. आता बोल, कोण म्हणून बोलतेस?"

वहिनीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. ती संतापली होती.

"असं कसं काढता? आणि शनिवारी?"

"शनिवारी नाटक नाही."

दुकानदाराची मिशी एका बाजूने सुटली होती, ती त्याने हाताने दाबून धरली. त्याला आता काहीतरी कळू लागलं होतं.

"आणि ती पोरगी?" वहिनीने विचारलं. "तिची नोकरी?"

"जाईल कदाचित."

"गाडी? केमोच्या बायका?"

"गाडी उद्या सकाळी तुला न्यायला येणार आहे. मागच्या सीटवर बसायचंस. मी शेजारी असेन."

वहिनी तोंड वाकडं करून काहीतरी बोलणार होती, काहीतरी चावरं, तिच्या पद्धतीचं. पण ते आलं नाही. ती खाली रंगमंचाच्या पायरीवर बसली. एप्रनचं टोक मुठीत धरलं.

"वन्सं, मला खूप दुखतंय हो," ती म्हणाली. "आणि मला फार भीती वाटते."

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. ग्रंथपाल बाई विंगेतून धावत आल्या आणि पांढरा कोट अंगावर तसाच असताना तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. दुकानदाराने मिशी काढली आणि ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना.

शपथ मोडायचीच होती, ती वन्संने त्याच संध्याकाळी दादासमोर मोडली. शुक्रवारी सोनोग्राफी झाली, रक्त घेतलं. खोलीच्या बाहेर दादा बाकावर बसला होता. मोठा, आडव्या अंगाचा माणूस, पण बाकाच्या अगदी टोकाला बसला होता. वन्संला वाटलं, आता आपल्यावर उखडणार. उखडला असता तर बरं झालं असतं.

"घरीही म्हणायची," तो म्हणाला. "झोपताना म्हणायची, पोट जड वाटतं. मी म्हणायचो, आता एकदम नैसर्गिक जमलंय तुला."

वन्संने त्याचा हात धरला. तो लहानपणी तिचा धरायचा तसा नव्हे, नुसताच, घट्ट.

डॉक्टरांनी आडवळणं घेतली नाहीत. एका बाजूच्या अंडाशयावर मोठी गाठ आहे, ती मूत्राशयावर दाब देते आहे, म्हणून सारखी घाई होते. कसली आहे ते काढल्याशिवाय सांगता येणार नाही. काढायला मात्र उशीर करायचा नाही. पुढच्या बुधवारचं ऑपरेशन ठरलं. वहिनीने एवढंच विचारलं की बस पुन्हा चालवता येईल का. डॉक्टर म्हणाल्या, ते आपण नंतर बोलू. हे उत्तर वहिनीला अजिबात आवडलं नाही.

शनिवारी सभागृह भरलं. पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर टेबल होतं, ताट होतं, आणि वन्सं एकटी उभी होती. तिने सांगितलं, की आज नाटक नाही. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी दारावर मागून घ्यावेत, संकोच करू नये. आणि मग, नाटक का नाही, तेही सांगितलं. वहिनीची परवानगी घेतली होती. वहिनी म्हणाली होती, सांगा, पण मला बिचारी करू नका.

"लक्षणं आम्हाला पाठ होती," वन्सं म्हणाली. "आम्ही त्यांचे संवाद केले होते. आमच्यातली एक बाई रोज तेच सांगत होती आणि आम्ही तिला सांगत होतो, जरा कमी कर. तुमच्या घरात कुणी असं सारखं सांगत असेल, तर तिला कमी कर म्हणू नका. तुम्ही स्वतः असाल, तर कुठला शनिवार बघू नका."

काही जणांनी पैसे परत घेतले. एक गृहस्थ तर नाराजही झाले, दोन बसेस बदलून आलो म्हणाले, आणि त्यांचंही काही चुकलं नव्हतं. पण बहुतेक लोक बसून राहिले. इस्पितळाची नर्स आणि प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसल्या आणि बायका प्रश्न विचारत राहिल्या. आधी चिठ्ठ्यांवर, मग उभ्या राहून. संशोधक बाईंनी सांगितलं, की या आजाराला लवकर पकडणारी तपासणी आज आपल्याकडे नाही, ती शोधायचं काम तुमच्या तिकिटांवर चाललंय, आणि ती सापडेपर्यंत तुमचं शरीर काय सांगतं ते ऐकणं एवढंच आपल्या हातात आहे. मदतनीस मुलगी मागे उभी होती. जमलेल्या पैशात तिची नोकरी वर्षभर टिकणार नव्हती, सहा महिने टिकणार होती. पुढचं पुढे.

औषध दुकानदार त्या दिवशी एका कोपऱ्यात बसून होता. सोमवारी गॅसच्या गोळ्या घ्यायला आलेल्या एका बाईला त्याने विचारलं, किती दिवस होतंय हे? बाईने त्याच्याकडे चमकून पाहिलं. त्याने प्रश्न मागे घेतला नाही.

बुधवारी ऑपरेशन चाललं ते ठरल्यापेक्षा जास्त वेळ. दादा आणि वन्सं त्याच बाकावर. दादाने कितीदा तरी घड्याळ पाहिलं आणि एकदाही त्याला वेळ कळली नसावी. शेवटी सर्जन बाई टोपी काढत आल्या. कॅन्सर होता. पण गाठ अख्खी निघाली होती, बाकी पोटात पसरलेला दिसत नव्हता. नमुन्यांचा अहवाल आला की पक्कं सांगता येईल, केमो घ्यावी लागेल, वाट लांबची आहे. "आणखी काही महिने अंगावर काढलं असतं तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते," त्या म्हणाल्या. दादा उभ्या उभ्या रडायला लागला. वन्सं, जिला आईच्या वेळी रडता आलं नव्हतं, ती भिंतीकडे तोंड करून इतकी रडली की एका वॉर्डबॉयने तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

दुपारी वहिनीला खोलीत आणलं. नाकात नळी, हाताला सलाईन, चेहरा धुतलेल्या पाटीसारखा. नर्सने सगळं तपासलं, काही लागलं तर बोलवा म्हणाली आणि गेली. पडद्याच्या फटीतून ऊन पलंगाच्या पायथ्याशी पडलं होतं. वहिनीने अर्धवट डोळे उघडले, खोलीभर फिरवले, आणि नणंद दिसल्यावर तिथेच थांबवले. तिला बोलायला जड जात होतं. बोलू की नको, असं क्षणभर तिच्या चेहऱ्यावर आलं.

"दुखतंय," ती म्हणाली.

तिचं बोलणं पुरं होण्याआधी वन्सं दाराबाहेर पोचली होती आणि नर्सला हाका मारत होती.